हलतं तेच पाणी

वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही.
तीन दिवस काठोकाठ भरलेली वाटी त्याच्या पायाशी
आणि तो डोळे आत ओढून, फांदीला मुठी आवळून,
देठ सुकलेल्या पानासारखा.
वैतागून मी ओला हात झटकला,
एक थेंब फिकसच्या पानावरून घसरला
आणि त्याचा उजवा डोळा तेवढा फिरला.

हलतं तेच पाणी.
एवढं कळायला मला जानेवारी उजाडला.

औलू शहर, तिसरा मजला, बाहेर उणे सव्वीस.
काचेपलीकडे गुडघाभर पाणी साचलंय,
पण गोठून गप्प.
आत रेडिएटर हवा भाजत बसतो,
आर्द्रतेचा काटा चौदावर आडवा.
माझे ओठ फुटतात, त्याची कात अंगावरच अडकते.
सरड्याची धाव जाळीपर्यंत,
माझी बसडेपोपर्यंत.
बरं चाललंय दोघांचं, असं मी फोनवर सांगतो.

आधी दह्याचा डबा, बुडाला सुईचं भोक.
अर्ध्या तासात डबा रिकामा, लाकडी फरशी फुगलेली,
आणि खालच्या मजल्यावरच्या आउनेबाई दारात,
डोक्यावर उघडलेली छत्री.
बोलल्या काहीच नाहीत.

मग माशांच्या टाकीची बारीक नळी,
तिला एक गाठ.
आवळली की थेंब थांबतो,
सैल केली की धार.
मधे कुठेतरी, नखाएवढ्या जागेत,
एक थेंब,
मग जरा विचार करून
दुसरा.
ती जागा सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.
एकतीस वर्षं बसच्या ब्रेकच्या नळ्या बसवल्या,
टिपूसभर गळू दिलं नाही कधी.
आता मोजून-मापून गळवायला शिकतोय.

धुक्यासाठी मात्र डेपोतच जावं लागलं.
भंगारात काढलेल्या सतरा नंबरच्या बसचा
समोरची काच धुवायचा पंप, चोवीस व्होल्ट.
कैनुलाइनेन साहेबांनी विचारलं, कशाला हवाय?
म्हटलं, पाऊस पाडायचाय.
त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखं केलं
आणि सही केली.

चार पितळी तोट्या, नाताळच्या दिव्यांचा टायमर.
तोटी बुजली की रात्रभर व्हिनेगरमध्ये.
खाली खडे, त्याखाली तिरपं ताट,
ताटाला नळी, नळीखाली बादली.
पाऊस पाडणं सोपं असतं.
पडलेला उचलायचा कुठे, यातच माझे दोन शनिवार गेले.

सकाळी सात. अंधार अजून दोन-तीन तास हलणार नाही.
दिवा लागतो, पंप गुरगुरतो
आणि पिंजऱ्यात सगळं पांढुरकं होतं, क्षणभर
मलाही माझा हात दिसत नाही.
मग तो निघतो. एक पाऊल पुढे, अर्धं मागे,
वारा नसताना वाऱ्यात असल्यासारखा झुलत.
पानाच्या टोकाला तोंड लावतो.
गळ्याखाली काहीतरी सरकतं.
एक डोळा थेंबावर,
दुसरा माझ्यावर.
त्यात आभार वगैरे काही नसतं.
नुसता असतो तो डोळा, गोल, बारीक खवल्यांचा,
आणि मी त्याच्यासमोर उभा, बनियनवर.

दोन आठवडे सांभाळ म्हणून सायमी ठेवून गेली त्याला.
आठ महिने झाले.
रविवारी तिचा तांपेरेहून फोन येतो.
"पितो का?"
"पितो."
"आणि तू?"
"नाही."
पलीकडे केटल उकळल्याचा आवाज.
"सप्टेंबरपासून नाही," मी म्हणतो.
ती बराच वेळ काही बोलत नाही, मग म्हणते,
नवं घर मोठं आहे बाबा, एप्रिलमध्ये घेऊन जाते त्याला.

मी म्हणतो, एक तोटी अजून गळतेय.
एवढी नीट बसू दे.
मे-जूनपर्यंत बघू.

चारही तोट्या घट्ट आहेत.
रोज झोपण्याआधी बोट फिरवून बघतो.
ठेवतो आता, सायमी,
बादली भरत आलीय.