कार्बनची तिसरी प्रत

चौथा मजला, खिडकी नसलेली खोली.
माझं काम कारणं टाइप करण्याचं.
एक मूळ प्रत, खाली दोन कार्बन;
तिसरीपर्यंत पोचताना अक्षरं दमलेली असत.

मिस्टर थेल्विन हिरव्या पेन्सिलीने खुणा करत.
तिथल्या माणसांचं स्वातंत्र्य पहिल्या मसुद्यात सगळ्यात वर होतं,
दुसऱ्यात खाली सरकलं.
एक देश लाल झाला की शेजारचाही होतो,
हे वाक्य तीनदा कापलं, तीनदा परत आलं.
मग दिलेला शब्द. मग चीन. मग,
आत्ता मागे फिरलो तर कसं दिसेल?
चौथ्या मसुद्यात हे सगळ्यांच्या डोक्यावर बसलं.
पाचव्यात नव्हतंच.
"तेवढी जागा मोकळी सोड, व्हर्ना," ते म्हणाले.
मी सात ओळी सोडल्या.

देशाचं नाव एका शब्दात लिहायचं की दोन,
यात मात्र अख्खी सकाळ गेली.

तारीख टाकताना थबकले.
जहाजं तर सोमवारीच किनाऱ्याला लागली होती,
माझा रॉस्को त्यातच होता.
"मागच्या आठवड्यातली टाक."
आधी कळस, मग पाया,
आणि गवंडी मी.

मे महिन्यात त्याचं पत्र आलं,
घडीवर चिखलाचा अंगठा.
तळाच्या कुंपणाशी रोज एक म्हातारी येते, थोआ नावाची,
हात नाचवून तेच तेच विचारते.
मला वाटायचं, का आलात म्हणून विचारतेय.
मी रोज मान खाली घालायचो.
काल दुभाष्या मिळाला.
ती म्हणते, तुमची तार माझ्या बदकांच्या वाटेवर आलीय,
तळं पलीकडे राहिलं,
कधी काढणार?
तेही मला सांगता आलं नाही.
तू तर तिथेच बसतेस, व्हर्ना. तुला ठाऊक असेल.

पाचव्या मसुद्याचा कार्बन नवा होता,
मी तो पर्समध्ये घालून घरी आणला,
असं करायची परवानगी नव्हती.
स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरला.
अक्षराअक्षरातून उजेड झिरपत होता,
मधल्या सात ओळी तेवढ्या गच्च काळ्या.

बराच वेळ बसून होते.
मग रॉस्कोला लिहिलं,
इथे उकडायला लागलंय.
मिसेस ऑडेनकर्कनी जिन्याला पुन्हा तोच पिवळा रंग दिला.
आणि हो,
किती बदकं आहेत तिची?