बोट सुटण्याआधी

पुन्ता अरेनासच्या धक्क्यावरून
बोट पहाटे पाचला सुटणार.
यास्नाच्या डिस्कफाइलीत नुसते फरक नोंदलेले;
बाकी काही विचारलं की तिनं बोट दाखवायचं
मागच्या खोलीतल्या सर्व्हरकडे: तिकडे आहे.

बर्फावरच्या तळावर कुठलं आलंय तिकडे?
महिनोन्‌महिने नेट नाही.

ती कमांड देते. मूळ प्रत
ब्लॉकमागून ब्लॉक आत उतरते.
चार जीबी, नऊ, सतरा,
एकतीस.
केटली गार.

मग केबल उपटून ती मशीन सुरू करते.
एकटंच उठतं ते.
पडद्यावर जुनी सूचना,
गेल्या साली वारलेल्या ओस्वाल्दोची:
‘बॅटऱ्या तपासा. आणि जेवून घ्या, लेकांनो.’

म्हणजे हीपण आली आत.

पेनड्राइव्ह खिशात टाकून
ती जाकिटाची चेन
गळ्यापर्यंत ओढते.