विरजण

गेर दुपारी तीनला संपली.
रंग आमच्याकडे पोचला रात्री सव्वाआठला.
राजवाड्यापासून कबीटखेडीपर्यंत
एवढाच वेळ लागतो शहराला
हात झटकायला.

जाळीशी भेरूलाल उभा, टॉर्च पाण्यावर धरून.
"मॅडमजी, होली तो इधर भी आ गई."
आधी गुलाबी, मग मोरपंखी,
मग मुका मार लागल्यावर उठतो तसला
काळपट जांभळा.

मला या पाण्यावर घड्याळ लावता येतं.
सकाळी साबण येतो,
अकराच्या सुमारास डाळतांदळाचं धुवण,
सोमवारी सगळ्या गावाचे शर्ट.
पहाटे चारला, सराफा मिटल्यावर,
तेलाचा एक तवंग
आणि त्यावर चंद्र, मालपुव्यासारखा.
ते सगळं खातात आमचे.

आमचे कोण गं, आई फोनवर विचारते.
काय सांगू? तोंड नाही, हात नाहीत,
नावं लॅटिन,
एका थेंबात अख्ख्या इंदुराहून जास्त.
मागतात फक्त हवा.

रात्री अकराला ऑक्सिजनचा काटा चढू लागला.
बाहेरच्या माणसाला वाटेल, बरंच झालं की.
काटा चढतो
तेव्हा खाणारं कुणी उरलेलं नसतं.
काचेखाली पाहिलं:
देठावरच्या घंटा मिटलेल्या,
चाकं फिरवणारे थांबलेले.
लिटरच्या नळकांड्यात गाळ बसेना,
अर्धा तास नुसतं गढूळ,
घरात कुणी कुणाशी बोलत नसावं तसं.

मुजुमदार साहेबांना झोपेतून उठवलं.
गूळ टाक, म्हणाले, शेण टाक ताजं,
आणि पलीकडच्या प्लान्टवरून
एक टँकर सीड आणव.
ते सीड म्हणाले,
मी विरजण ऐकलं.

तिन्हीसांजेला विरजण देऊ नये म्हणतात.
आम्ही मागितलं रात्री दोनला.
त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही.
टँकर आला काठोकाठ, तपकिरी,
तुळस उपटल्यावर मुळाशी येतो
त्या वासाचा.

भेरूलाल पायरीवर बसून ढेप फोडत होता.
एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला,
एक मला दिला,
उरलेला त्यांना.

लोकांना आवडतं सांगायला
की कुणीतरी विष प्यायलं आणि त्याचा कंठ निळा झाला.
इथे कुणाचा कंठ निळा होत नाही,
कुणी देव होत नाही.
बरेच मरतात.
उरलेले मेलेल्यांना खातात,
मग थोडा रंग चाखून बघतात,
थांबतात, परत चाखतात.
एवढंच आहे ते.
आम्ही खाली पंखे लावून
बुडबुडे सोडत राहतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी काटा उतरला.
मी रजिस्टरात आकडा लिहिला.
शेरा या रकान्यात लिहावंसं वाटलं,
"कुणीतरी जेवायला बसलं आहे."
लिहिलं, "सामान्य."

सगळं नाही पचलं त्यांना.
मोरपंखी तसाच गाळात उतरला,
आणि तो गाळ टाकायचा कुठे
याची फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे,
वर पेपरवेट.

घरी आले तर केतकीच्या केसांतून
अजून गुलाबी निघत होता.
मोरीत बसवून तिसऱ्यांदा डोकं धुतलं.
ती ओरडत होती, डोळ्यांत जातंय.
मी बघत होते भोकाशी
गोल फिरणारं पाणी.
इथून चार तास.
मनात म्हटलं, भेरूलाल,
थोडंसंच आहे आता,
सांभाळून घ्या.