ठोकळा, लाकडी, एक

सही मीही केलीय.
दुभाष्यालाही करावी लागते, सातव्या पानावर,
दोन्हीकडच्या वकिलांच्या खाली, जरा आखूड रेघेवर.
म्हणून तिला मी गोडेलीव म्हणते. हे तिचं नाव नाही.
शहर मात्र अँटवर्पच. शहराने कुठे सही केलीय.

करार असा, की मुठी उघडायच्या
आणि तोंडं मिटायची.
झाकली मूठ सव्वा लाखाची राहू देत नाहीत इथे,
एकेक बोट उलगडून मोजतात:
हिरे कोणाच्या नावे, गोदाम कोणत्या कंपनीचं,
त्या कंपनीची आई कोण, त्या आईची आई कोण,
असं वर वर जात वंशावळ
पनामातल्या एका टपालपेटीत अनाथ होते.
मग सगळे कॉफी घेतात.

नवरा पडद्यावर, माँटेव्हिडिओहून. तिकडे सकाळ.
मागे पांढरी भिंत, मुद्दाम निवडलेली.
वेगळं राहून दोन वर्षं झाली, अर्जात तसंच आहे.
तो स्पॅनिशमध्ये बोलतो, मी तिच्या भाषेत
आणि प्रथमपुरुषी, नियमच आहे तसा.
"मी काहीही लपवलेलं नाही," मी म्हणते
आणि गोडेलीव माझ्याकडे बघते.
तेवीस वर्षं लोकांच्या वतीने शपथेवर बोलतेय,
अजून कान गरम होतात.

नोंद एकसष्ट. किनाऱ्यावरचा फ्लॅट, त्यातलं सामान.
पियानो, उभा, जुना. दोन हजार चारशे युरो.

"पियानो?" ती म्हणाली.
"माझा विकायला लावला होता ह्याने.
डोकं दुखतं म्हणायचा."
तिच्या वकिलाने तिच्या बाहीला हात लावला.
हे भाषांतरित करायचं का, मी डोळ्यांनी विचारलं.
नको.

सोबत बिलं जोडलेली, सूर लावणाऱ्याची.
एलादियो नावाचा कोणी, दर तीन महिन्यांनी.
निळ्या शाईत, शाळेतल्यासारखं अक्षर:
समुद्राच्या हवेने मधल्या सप्तकातले दोन सूर उतरलेले, चढवले.
एक तार बदलली.
वरच्या पट्ट्यांवर जॅम होता, पुसला.
आणि मार्चच्या बिलात, शेवटी:
पेडल उंच करायला ठोकळा, लाकडी, एक.

वाचलं. मग तिच्या भाषेत वाचलं.
पेडल कोणासाठी उंच करतात
ते कागदावर नव्हतं,
आणि कागदाबाहेर पाऊल टाकायची मला मुभा नाही.

पडद्यावरचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला,
ग्लास न उचलता परत आला.
समोरचे वकील म्हणाले, ठोकळ्याची किंमत नगण्य आहे,
पुढच्या नोंदीकडे जाऊ या.
तेही मी सांगितलं.

"किती वर्षांचं?" गोडेलीवने विचारलं.

हा प्रश्न मालमत्तेशी संबंधित नाही, मध्यस्थ बाई म्हणाल्या.
हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या.

"लाकूड," गोडेलीव म्हणाली.
"लाकूड किती वर्षांचं, एवढंच विचारतेय.
जुनं असेल तर किंमत बदलते ना?"

मी ते स्पॅनिशमध्ये केलं. लाकडाला लाकूडच म्हटलं.
पडदा अडकला असं वाटण्याइतका वेळ गेला.
नेट ठीक होतं.

"सहा," तो म्हणाला.

आणि मग मला म्हणावं लागलं,
तिच्याकडे बघत, तिच्या भाषेत, त्याच्या वतीने:
सहा.

तिने पेन्सिलीने समासात आकडा लिहिला.
वजाबाकी तिने तिथे केली नाही.
उरलेल्या नोंदी चाळीस मिनिटांत संपल्या,
घोडा, दोन घड्याळं, गोल्फ क्लबची फी.
कशालाच तिने हरकत घेतली नाही.
जाताना कोटाची बटणं एक घर चुकवून लावली.
ह्यातलं काहीही ती बहिणीला सांगू शकत नाही, कलम नऊ,
मी तर तिला ओळखतही नाही, कलम अकरा.

घरी योरिस बटाटे सोलत होता.
काय झालं आज, त्याने विचारलं,
सांगता येणार नाही हे माहीत असूनही विचारतो तो,
एवढ्यासाठीच बहुधा टिकलोय आम्ही.

"लाकडाबद्दल बोलणं झालं," मी म्हणाले.
"बरं," तो म्हणाला,
"लाकडाला सध्या भाव चांगला आहे."