काचेचं माप

करसनभाई गज्जर दुपारी चारला आले,
सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली करवत.
दारावर हात फिरवून म्हणाले, बेन,
हा वलसाडी साग आहे.
ह्याला भोक पाडायचं?

भोक नाही, काच बसवायची.
नवापुऱ्यातली आमची संध्याकाळची शाळा,
तीन खोल्या, तीन दारं, तिन्हींना काच.
मोठं माणूस एकट्या लेकराबरोबर आत बसलं
तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायला हवं.

कोण बसतं आत?
गणिताच्या बाई. तबल्याचे नवे सर. मी.
तुम्ही पण?
मी पण.

त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं
जसं सबनीसकाकांनी पाहिलं होतं
पोलिसांच्या दाखल्याचा फॉर्म पुढे केला तेव्हा.
काका विश्वस्त, अर्ध्या पोरांच्या वह्या त्यांच्या पैशातल्या,
खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या.
माझ्यावर संशय? म्हणाले,
आणि आठवडाभर फिरकले नाहीत.
मग आले फॉर्म भरून, दोन फोटो चिकटवून,
त्यातला एक उलटा.
गोळ्या आता ऑफिसातल्या बरणीत असतात,
सगळ्यांसमोर, सगळ्यांना.

करसनभाईंनी कानावरची पेन्सिल काढली.
विश्वामित्रीच्या काठाला पाटी आहे ना,
मगरींपासून सावध?
मगर बिचारी चिखलात ऊन खात पडते,
दिसते तरी.
पुढचं बोलले नाहीत.
टेप उघडली, मिटली, परत उघडली.

मी त्यांना जिन्याखालची पेटी दाखवली.
किल्ली नफीसाबेनकडे,
ज्या आमच्या पगारावर नाहीत.
पहिली चिठ्ठी आली: खिचडीत मिरची फार.
दुसरी: पंखा कुरकुरतो.
तिसरी पुन्हा खिचडी.
प्रत्येकीचं उत्तर आम्ही फळ्यावर लिहिलं,
पंख्याला तेल घातलं, मिरची निम्मी केली.
जिथे मिरचीचं कुणी ऐकत नाही
तिथे पोर दुसरं काही सांगेल कशाला?

अकराव्या चिठ्ठीचं उत्तर फळ्यावर लिहिलं नाही.
त्याच संध्याकाळी फोन केला, जिथे करायचा तिथे.
संस्थेचं नाव, असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं
आणि त्याचे शब्द त्यालाच ऐकू गेले,
मग मान खाली घालून तोच रिक्षा आणायला धावला.
चार महिने तबला खोळीत होता.

हे करसनभाईंना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, माप घ्या.

घेतलं. जमिनीपासून पाच फूट,
मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा.
पेन्सिलीची रेघ ओढली
आणि हात तिथेच राहिला.
व्हरांड्यात कुंजल आली होती, सगळ्यांच्या आधी,
दप्तराचा एक बंद तुटलेला.
अहीं आव, बेटा. दाराला टेकून उभी राहा.
तिच्या भुवयांशी त्यांनी दुसरी रेघ ओढली.

बाहेरच्याला आतलं दिसेल, बेन.
आतलीला बाहेरचं नको दिसायला?

मग काच वरपासून खालच्या रेघेच्याही खाली गेली.
सागाचा भुसा पायऱ्यांपर्यंत उडाला,
आकीबनं तो मुठीत भरून कुणाच्या तरी केसांत घातला.
शेवटी करसनभाई आतल्या कडीकडे वळले.
स्क्रू गंजलेले, एक तर फिरेचना.
आमच्या गावी शिकवणीला जायचो मी,
म्हणाले, तिथे पण अशीच
आणि जोर लावला.
कडी निघाली.
हत्यारांच्या पिशवीत टाकली नाही,
माझ्याकडेही दिली नाही.
सायकल काढताना खिशात तिचा आवाज आला.

बिलात एकाच काचेचे पैसे होते.
मी फोन केला तर म्हणाले, बरोबर आहे.

सोमवारी पेटीत चिठ्ठी होती,
ओळखीच्या तिरक्या अक्षरात:
दाराची काच कोणीच पुसत नाही.

फळ्यावर लिहिलं: पुसली.
खाली कुणाची पाळी कधी, तेही.
पहिलं नाव सबनीसकाका.