मंगळवारची सुई

साडेसहाला गाडी येते लोकमान्य नगरात.
दिगंबर अजूनही गॅलरीतून बघतो
कोण ओल्यात सुकं मिसळतंय.
एकोणतीस वर्षं झोनचा दारोगा होता,
त्याला पाहून लोक पिशव्या परत घरात न्यायचे.

मंगळवारी पोटाला सुई.
डॉक्टर निगमबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
एक पिंप काढलं, झाकणासकट.
बिघडलेलं, काम संपलेलं प्रोटीन यात जातं.
असंच नाही जात. आधी चिठ्ठी लागते,
चिठ्ठीला चिठ्ठी, तिला आणखी एक,
निदान चार. मग झाकण हलतं.
चिठ्ठ्या काढून ठेवतात, उद्याला होतील म्हणून,
आणि घडी उकलून, धागा होऊन
ते आत ओढलं जातं.
बाहेर तुकडे. तुकड्यांचे मणी. मण्यांचं पुन्हा काहीतरी.

"म्हणजे कंपोस्ट," दिगंबर म्हणाला.
"पण चार नोटिसा? आम्ही दुसरीलाच चलान फाडायचो."

आणि ही सुई?
ही पिंपातली पाती बोथट करते.
हाडांतल्या त्या माजलेल्या पेशी
रात्रंदिवस भलतंच प्रोटीन विणत बसतात,
कचरा त्यांचाच सगळ्यात जास्त.
गाडी दोन दिवस आली नाही
की आपल्याच घरात गुदमरतात.

तो आधी गप्प.
मग इतका हसला की शेजारच्या खुर्चीतल्या
देवासच्या बाईंनी सलाईन घट्ट धरलं.
"जन्मभर एक गाडी चुकू दिली नाही मी,
आणि मला वाचवणार कोण,
तर संप!"

मी बावीस वर्षं शाळेत पेशी शिकवली.
केंद्रक काढलं, तंतुकणिका काढल्या रंगीत खडूने.
कचऱ्याचं कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

संप चांगल्या पेशींनाही भोवतो.
त्याच्या तळव्यांना आता फरशी कळत नाही.
चप्पल पायात आहे की दारातच राहिली
हे तो खाली बघून ठरवतो.
रात्री तेल लावताना विचारते, इथे?
तो विचारतो, कुठे?

आज माळ्यावरून त्याची जुनी चलानबुकं निघाली.
कोपऱ्यावर गाडीचं गाणं लागलं होतं,
मी गठ्ठा उचलून धावत जिना उतरले.
वरून ओरडला,
"पिना काढ आधी!
लोखंड वेगळं!"