रकाना अकरावा

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात
दोनच शब्द मावतात.
मानवी चूक.
मी ते लिहिले. अक्षर चांगले आहे माझे,
म्हणून असली कामे दांडिया बाजारच्या माणसाकडे येतात.

नंदेसरीत, प्लांट दोनमध्ये, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
कांतिलाल वसावाने
सातऐवजी नऊ नंबरचा व्हॉल्व्ह फिरवला.
हे खरे आहे. कॅमेऱ्यात दिसते:
तो डोळे चोळतो, हात लांबवतो,
क्षणभर थांबतोसुद्धा,
जसे आपण जिन्यात थांबतो
वर जायचे होते की खाली, ते विसरून.

सात आणि नऊ एकाच हिरव्या रंगाचे.
आकडे वाफेने केव्हाच खाल्लेले.
गोहिल आला नव्हता, मुलीचा साखरपुडा,
म्हणून कांतिलालची ती सलग दुसरी पाळी,
पोटात रात्री दहाची सेवउसळ.

अलार्म वाजला नाही.
तो फार वाजायचा, उगाचच, मार्चपासून.
कोणीतरी त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.
तपासात निघाला: हातमोजा, डावा.

दुरुस्तीची चिठ्ठी मात्र रीतसर आली होती.
तीनदा. गुलाबी कागद.
तिसऱ्या वेळी मोठ्या साहेबांनी विचारले, चालशे?
मी म्हणालो, चालशे.
बडोद्यात चार पिढ्या काढल्या की हा शब्द
मराठी तोंडातही गुळासारखा विरघळतो.

चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, टाचणीसकट.
तिच्यावर 'पुढील तिमाहीत' लिहिताना
मी चष्मा लावला होता,
रात्रभर झोपलेला होतो, पोटभर जेवलेला,
आणि हात जराही चुकला नाही.

जळीत वॉर्डाच्या दारात त्याच्या बायकोने विचारले,
साहेब, एमनी शी भूल थई?
भूल. तिच्या भाषेत ती होते.
माझ्या भाषेत ती देतात,
कापण्याआधी, दुखू नये म्हणून.
मी म्हणालो, बघतो आहोत, ताई.

जबाबावर सही हवी होती.
दोन्ही हातांना मलम, वर जाळीचे कापड.
मी शाईचे पॅड उघडून
खाटेशी वाकलो
आणि बोटे मोजत राहिलो.
डाव्या हाताची करंगळी
तेवढी कोरडी होती.